बीयूएमएसला, म्हणजे युनानी वैद्यकाच्या पदवीला येतोयस? आधी उर्दूचं बघ

दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी नसेल तर प्रवेशाचा नियम आधी नीट बघून घे. बऱ्याच जणांना हे नीटचा निकाल लागल्यावर कळतं. पुढे साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. परीक्षा आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच.

दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पिवळं पित्त), सौदा (काळं पित्त) हे चार अखलात, म्हणजे शरीरातले द्रव, पाठ होतील रे, त्यात काही नाही. खरी मेहनत नब्जची, म्हणजे नाडी बघण्याची. ओपीडीत सरांच्या शेजारी उभा राहा, मनगटावर चार बोटं ठेव. पेशंट जिना चढून आला असेल तर आधी त्याला बसू दे. हिजामाचे, म्हणजे कातडीवर लावून रक्त ओढायचे, कप लावायची सगळ्यांनाच घाई असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी विचार. आणि मालेगावकडे गेलास तर अहिराणीही कानावर पडू दे, पेशंट त्यातच दुखणं सांगतात.