खरेदी विभाग : तीन कोटेशनं लावली, तरी ऑडिटर नाराज का?

प्रश्न : प्रत्येक खरेदीला आम्ही तीन कोटेशनं जोडतो. तरीही ऑडिटरने शेरा मारला. चुकलं कुठे?

तीन कागद म्हणजे तीन स्पर्धक नव्हेत. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. तिघांपैकी दोघांचा पॅन एकच निघाला, तर विषय संपला. पॅन वेगळे असतील तर पत्ता, मोबाइल आणि बँक खातं ताडून पाहा.

मग दर. एकाने पोच दर १०० रुपये दिला, ३० दिवसांच्या उधारीवर. दुसऱ्याने ९७ दिला, पण भाडं वेगळं आणि पैसे आगाऊ. असे दर शेजारी लिहून तक्ता होत नाही. भाडं, पॅकिंग, उधारीचं व्याज धरून दोन्ही एका मापात आणा; परत मिळणारा जीएसटी वगळा. महागडा निवडलात तर कारण ऑर्डरआधी लिहा. ऑडिटच्या आदल्या दिवशी लिहिलेलं कारण ओळखू येतं!

आणखी एक तपासा. मॅनेजरच्या सहीची मर्यादा ५०,००० असेल, तर ४५,००० ते ५०,००० मधल्या पीओंची (परचेस ऑर्डर, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर) यादी दर महिन्याला काढा. एकाच पुरवठादाराला आठवड्यात ४८,००० आणि ४९,००० च्या ऑर्डरी गेल्या असतील, तर खरेदीचे तुकडे पाडलेत.

प्रश्न : मशीन बंद पडलं की माल आधी येतो, पीओ मागून. मागची तारीख टाकावी का?

नाही. तातडीची खरेदी हा गुन्हा नाही, खोटी तारीख आहे. प्लांटप्रमुखाची ईमेलवर मंजुरी, ठरलेली कमाल रक्कम आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या तारखेचा पीओ, एवढं पुरे. तेच बेअरिंग तिसऱ्यांदा ‘तातडीने’ आलं, तर स्टोअरमध्ये त्याचा किमान साठा ठरलेला नाही.

प्रश्न : पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आला. अकाउंट्सने बदल केला आणि पैसे भलत्याच खात्यात गेले. आता?

लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. इथे तासांना किंमत आहे. पुढच्या वेळी ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. रद्द चेकची प्रत बनावट असू शकते. बदल एकाने भरावा, मंजूर दुसऱ्याने करावा आणि या दोघांपैकी कोणीही पेमेंट सोडू नये. एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव जुळवणं सोपं आहे, पण त्यामुळे फोन टळत नाही.

प्रश्न : लघुउद्योगांकडून माल घेतो. पीओत ६० दिवसांची मुदत चालेल?

लिहाल, पण टिकणार नाही. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवा. नाहीतर मुदत माल पोचल्या दिवसापासूनच मोजली जाते, स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधीही केला तरी.