नाळेत लाईन आहे, मग अँटिबायोटिक बंद काहून केलं?

भाऊ, तुमचं बाळ 31 आठवड्यांतच जन्मलेलं, साडेतेराशे ग्रॅमचं, कल्चर (रक्तात जंतू उगवतात का ती तपासणी) क्लीन आलं म्हणून चौथ्या दिवशी डॉक्टरांनी अँटिबायोटिक थांबवलं पण नाळेतली लाईन, म्हणजे नाळेच्या रक्तवाहिनीतून घातलेली बारीक नळी, तशीच ठेवली, आणि आता घरचे सगळे म्हणून राहिले की लाईन निघेपर्यंत औषध चालू ठेवायला सांगा. नका सांगू. मी इथं नागपुरात सतरा वर्षांपासून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) सिस्टर आहे, आणि मला तर हे वाचून बरंच वाटलं.

पहिले काही दिवस अँटिबायोटिक दिलं ते लाईनसाठी नव्हतं. बाळ लवकर का आलं, आईकडून इन्फेक्शन आलं का, हे कळेपर्यंत दिलं. रक्ताचं कल्चर साधारण 36 ते 48 तासांत काही उगवलं नाही आणि बाळाची तब्येतही ठीक असली तर मग ते कशासाठी द्यायचं?

लाईनचं इन्फेक्शन कसं होतं ते समजून घ्या. प्लास्टिकच्या नळीवर जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट शिरतच नाही. बहुतेक वेळा ते नळीच्या तोंडाकडून, म्हणजे जिथं आम्ही सिरिंज लावतो तिथून, नाहीतर बेंबीच्या कातडीवरून आत जातात. वरून औषध चालू असलं की साधे जंतू मरतात आणि चिवट असतात त्यांना मोकळं रान मिळतं. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या नवजात बाळांचा अभ्यास 2016 मध्ये छापून आला, त्यात ॲसिनेटोबॅक्टर नावाचे जे जंतू सापडले त्यातले 82 टक्के बऱ्याच औषधांना दाद न देणारे होते. हे आपल्याच देशातलं आहे, भाऊ.

कॉक्रेन म्हणून वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे, त्यांनीही हाच प्रश्न घेऊन जगभरातले अभ्यास शोधले, व्हेनमधल्या (शिरेतल्या) लाईनसाठी त्यांना एकच लहानसा अभ्यास सापडला, आणि लाईन आहे म्हणून सगळ्याच बाळांना अँटिबायोटिक द्यावं असं म्हणायला पुरावा मिळाला नाही, आर्टरीच्या (धमनीच्या) लाईनसाठीही तेच. उलट 2009 मध्ये अमेरिकेतल्या एक किलोच्या आतल्या बाळांच्या अभ्यासात, कल्चर क्लीन असूनही पाच दिवस किंवा जास्त औषध मिळालेल्यांत आतड्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसले. तुमचं बाळ त्याहून मोठं आहे, तरी विनाकारण औषध नको ही गोष्ट त्यालाही लागू आहेच.

मी सुरुवातीला जिथं होते तिथं लाईन असेपर्यंत अँटिबायोटिक हीच पद्धत होती, आम्हाला वाटायचं आपण बाळाला जपतोय. एका लेकराला बाराव्या दिवशी रक्तात फंगस (बुरशी) निघाली. औषधामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, पण जास्त दिवस तगडी अँटिबायोटिक्स दिली की फंगसचा धोका वाढतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या बाळाची आई मला अजून आठवते.

तुम्हाला विचारायचंच असेल तर रोज राउंडला एवढं विचारा, "सर, लाईनची आज गरज आहे का?" हा प्रश्न कोणाला खटकत नाही. आर्टरीची लाईन शक्यतो पाच दिवसांच्या वर ठेवत नाहीत, व्हेनची अगदी जास्तीत जास्त 14 दिवस, पण बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या आसपास काढून हातापायाच्या शिरेतून पीआयसीसी नावाची लांब बारीक लाईन टाकतात. आणि दूध वाढलं की सलाईन कमी होतं, लाईन लवकर निघते, म्हणून वहिनींना दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगा, पहिलं पहिलं चमचाभर निघालं तरी ते पोहोचवा, फेकू नका.

आजींनी टेकडी गणपतीचा अंगारा आणलाय म्हणता, तो पेटीच्या बाहेर पुडीत राहू द्या, बेंबीला हळद, तेल, अंगारा काहीच लावायचं नाही. अँटिबायोटिकचा मलमसुद्धा तिथं लावत नाहीत, त्यानं फंगस वाढते. आत जाताना घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवा, आणि आमच्यापैकी कोणी हात न धुता लाईनला हात लावताना दिसलं तर बिनधास्त टोका, राग आला तर येऊ द्या.

बाळ श्वास थांबवून राहिलं, सुस्त पडलं, अंग थंड-गरम होऊन राहिलं, पोट फुगलं, दूध पचेना, किंवा आर्टरीची लाईन असताना पायाची बोटं निळी-पांढरी दिसली तर त्याच मिनिटाला सिस्टरला हाक मारा. तेव्हा नवीन कल्चर काढून डॉक्टर अँटिबायोटिक परत सुरू करतील, आणि तेव्हा मात्र "आत्ताच तर बंद केलं होतं" म्हणून अडवू नका.