प्रश्न: सोळाव्या वर्षी बाल न्याय मंडळासमोर केस झाली, तर पुढे सरकारी नोकरी कायमची गेली का?

नाही. हे मंडळ अठरा वर्षांखालच्या मुलांच्या केसेस चालवतं, आणि बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 24 यासाठीच आहे. दोषी ठरल्यामुळे मोठ्या माणसाला जी अपात्रता येते, ती अशा मुलाला लागू होत नाही. अपिलाची मुदत संपली की ठरावीक काळानंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. कलम 74 नुसार, निकाली निघालेल्या केसची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रातही द्यायची नाही. सीआयएसएफमधल्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) नेमणुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच तत्त्व उचलून धरलं.

अपवाद एकच, पण मोठा: सोळा पूर्ण केलेल्या मुलाने निर्घृण गुन्हा (म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे असा) केला आणि मंडळाऐवजी बाल न्यायालयाने त्याची केस प्रौढासारखी चालवून त्याला दोषी ठरवलं, तर हे संरक्षण मिळत नाही.

हे झालं कागदावरचं. खरा फटका मला वेगळीकडे दिसतो. निरीक्षणगृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा) गेलेल्या काही महिन्यांत शाळा सुटते ती सुटतेच. वस्तीत नाव पडतं, मग आसपास चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर. रेकॉर्ड जाळता येतं, शेजाऱ्यांची जीभ कशी जाळणार? अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी कलम 46 मध्ये आर्थिक मदतीची तरतूद आहे, पण ती मागायची असते हेच बऱ्याच मुलांना कोणी सांगत नाही.

तुमच्या बाबतीत आधी मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत काढा. फॉर्ममध्ये जुन्या केसबद्दल विचारलं असेल, तर भरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) वकिलाला ती दाखवा.