'पुट ऑफ' नीट वापरायचं असेल तर

अरे, फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांच्या, लांबलचक याद्या घोकत बसू नकोस, एकच घे आणि ते अंगात मुरू दे. 'पुट ऑफ'च घे. पुढे ढकलणे हा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, 'दे पुट ऑफ द मीटिंग', झालं. पण लोक अडकतात ते इथे, मीटिंगच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीच नाही, नाम असेल तर मात्र मधे किंवा शेवटी दोन्हीकडे चालतं. आणि पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लागतं, 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', इथे 'टू गो' केलंस की चुकलं. भूतकाळातही पुटच बरं का, 'पुटेड' नाही.

दुसरा अर्थ मला जास्त आवडतो, मन उडणे, नकोसं होणे. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानेच जेवायची इच्छा गेली, 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द प्राइस' म्हणजे किंमत बघून मागे फिरू नकोस. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण यातलंच. ब्रिटिश लोक तर खेळताना कुणी मधे बडबड केली तरी 'यू आर पुटिंग मी ऑफ' म्हणतात, म्हणजे लक्ष उडवतोयस माझं.

राहिलं आपलं 'पुट ऑफ द लाइट'. भारतात सगळ्यांना कळतं, घरात बिनधास्त बोल, पण आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेच्या पेपरात 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'च लिही.