पदवी नाही, रे-ट्रेसर आहे

प्रश्न : पदवीचे शिक्षण मी अर्धवट सोडले. गेली चार वर्षे दुसरी नोकरी सांभाळून सी प्लस प्लस आणि पायथन स्वतःच शिकलो आणि नुकताच एक छोटा रे-ट्रेसर, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारा प्रोग्राम, लिहून पूर्ण केला. चित्रपटांच्या व्हीएफएक्समध्ये (संगणकावर बनणाऱ्या दृश्यांच्या कामात) प्रोग्रामर म्हणून शिरकाव करायचा आहे. पदवीवाचून अडेल का, आणि आता कशाच्या मागे लागावे?

उत्तर : पदवीबद्दल आधी लिहितो, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे : सहसा अडत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर लिहिणारे टॉन रोसेंडाल यांनी शिक्षण घेतले ते औद्योगिक डिझाइनचे. 1989 मध्ये काढलेल्या आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या गरजेतून त्यांनी ते बनवले आणि 2002 मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून सर्वांसाठी खुले केले. मात्र रेंडरिंग (दृश्याच्या वर्णनावरून संगणकाने चित्र तयार करणे) किंवा द्रवांच्या सिम्युलेशनवर (त्यांच्या हालचालींची संगणकावर नक्कल करण्यावर) संशोधन करणाऱ्या विभागांत पीएचडी झालेल्यांचाच भरणा असतो, आणि काही देशांचे कामाचे परवाने पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव मागतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

स्वतः शिकणाऱ्यांचे (मीही त्यांतलाच) घोडे बहुधा वेगळ्याच ठिकाणी अडते. चित्र सुधारले की आपण पुढे सरकतो. ते का बिघडले होते, याचा तपास अर्धवटच राहतो. तुमच्या रे-ट्रेसरमध्ये पहिल्यांदा सावल्या आल्या, तेव्हा गुळगुळीत गोलावर काळे ठिपके उमटले असतील. किरण पृष्ठभागाला जिथे छेदतो तो बिंदू दशांशांच्या गोळाबेरजेत किंचित आत सरकतो आणि तिथून दिव्याकडे निघालेला किरण त्याच पृष्ठभागावर आपटतो, म्हणून ते ठिपके येतात. बहुतेक जण किरणाचा आरंभबिंदू 0.001 ने पुढे ढकलून मोकळे होतात. मापे सेंटिमीटरमध्ये आहेत आणि एखादी इमारत मूळ बिंदूपासून 100 मीटरवर उभी आहे, असे समजा. म्हणजे आकडा 10,000 च्या घरात गेला, आणि तिथे 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात) लगतच्या दोन संख्यांतले अंतरच जवळपास 0.001 असते. तुमचा तोडगा तिथे फुकट जातो आणि ठिपके परत येतात. मुलाखतीत मी उमेदवाराला हेच विचारतो, आणि ज्याला हे सांगता येते त्याची पदवी पाहण्याचे मला सुचतही नाही.

तेव्हा पोर्टफोलिओत चकचकीत चित्रांची रांग लावू नये. बिघडलेले चित्र, दुरुस्त चित्र आणि मधले कारण चार ओळींत, अशा तीन-चार नोंदी पुरेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्टुडिओत रेंडरर लिहिण्याच्या जागा मोजक्याच असतात. बहुतेक प्रोग्रामर पाइपलाइनवर, म्हणजे माया, हूडिनी आणि न्यूक या व्हीएफएक्सच्या सॉफ्टवेअरमधून शॉट एका विभागाकडून दुसऱ्याकडे बिनचूक नेणाऱ्या पायथनच्या साधनांवर, काम करतात. माझ्या पहिल्या नोकरीत एका स्क्रिप्टने फ्रेमचे क्रमांक अक्षरे समजून लावले, त्यामुळे 1000 ही फ्रेम 999 च्या आधी जाऊन बसली आणि रात्रभर रेंडर झालेला शॉट सकाळी मधूनच उड्या मारू लागला. (शॉटच्या फ्रेम 1001 पासून मोजण्याची, म्हणजे सगळे क्रमांक चार आकडी ठेवण्याची, पद्धत किती शहाणपणाची आहे, हे मला त्या दिवशी कळले.) एका फ्रेमला दोन तास लागत असतील, तर सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने पाच सेकंदांच्या शॉटला 240 तासांचे रेंडर लागते, रेंडर फार्मवरची (रेंडरिंगसाठी एकत्र जोडलेल्या संगणकांवरची) असली चूक म्हणूनच महागात पडते.

वाचायचेच तर पोर्टर आणि डफ यांचा कंपोझिटिंगवरचा (वेगवेगळी चित्रे एकावर एक बसवण्यावरचा) 1984 चा शोधनिबंध आधी वाचावा. कापून चिकटवलेल्या आकृतीच्या कडेला काळपट किनार का दिसते, हे त्यावरून उमगते. गणितात रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की करावी. किरणांची संख्या चौपट केली तरी चित्रातला रवाळपणा निम्माच का होतो, हे कागदावर सोडवता आले म्हणजे तूर्त पुरे. मग ओपनईएक्सआर किंवा ओपनव्हीडीबी यांसारख्या व्हीएफएक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या, कोड सर्वांना खुला असलेल्या प्रकल्पातली एखादी बारीक चूक दुरुस्त करून पाठवावी. अनोळखी माणसे तुमचा कोड तपासून तो परत पाठवतील, कदाचित दोनदा, आणि एकट्याने शिकताना नेमके हेच वाट्याला आलेले नसते.

प्रश्न : मला प्रोग्रामिंग येते, पण चित्रकला अजिबात येत नाही. या क्षेत्रात माझा निभाव लागेल का?

उत्तर : लागेल. चित्रकलेचा हात नसला तरी चालतो, नजर मात्र कमवावी लागते. 'ट्रॉन' या 1982 च्या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकाच्या चित्रांतला यंत्रासारखा गुळगुळीतपणा खटकत होता. त्या खटकण्यातून 1983 मध्ये त्यांनी नियंत्रित अनियमिततेचे जे तंत्र काढले, ते पर्लिन नॉइज म्हणून आजही ढग, संगमरवर आणि धूर रंगवताना वापरले जाते, आणि त्यासाठी 1997 मध्ये त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. रोज एका भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि तिचे डाग, ओल व झिजलेल्या कडा कोडमधून उतरवून पाहाव्यात.