“मॅडम, आता या वयात डोक्यात राहत नाही”

“व्हिडिओ बघते तेव्हा सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. वय झालं, दुसरं काय!”

चौपन्न वर्षांच्या या बाई हिशेबनीस. ऑफिसात नवी प्रणाली येणार म्हणून त्यांनी डेटा विश्लेषणाचा ऑनलाइन कोर्स लावला आणि तिसऱ्याच आठवड्यात हाय खाल्ली. पन्नाशीच्या आसपास नव्याने शिकायला घेणारे बरेच जण हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. रोजचे रस्ते, घरच्यांची नावं विसरायला होत असतील तर आधी डॉक्टर गाठावा. बाईंचं तसं काहीच नव्हतं.

कोर्स सोडून फोनवर काय करता, असं विचारलं तशा त्या खुलल्या. पक्षिप्रेमींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रोज सकाळी कोणीतरी एका पक्ष्याच्या आवाजाची क्लिप टाकतं, सगळे अंदाज बांधतात, उत्तर संध्याकाळी मिळतं. वर्षभरात किती आवाज ओळखू लागल्या, ते त्यांनाच मोजता येईना. मग स्मरणशक्तीला दोष कसा द्यायचा?

ग्रुप त्यांना विचारत होता, कोर्स नुसता दाखवत होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग मी त्यांना सांगितला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. व्हिडिओ बघताना ‘कळलं’ वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं.

मग तिथेच करून पाहिलं. एक छोटा व्हिडिओ बघायचा, फोन पालथा घालायचा आणि आठवेल ते मोठ्याने सांगायचं. बाई दुसऱ्याच वाक्याला अडल्या, ओशाळल्या. मी मुद्दाम गप्प राहिले, कारण आठवताना होणाऱ्या या ओढाताणीतूनच गोष्ट पक्की होते. हळूहळू आणखी तीन मुद्दे निघाले. राहिलेला तेवढाच भाग त्यांनी पुन्हा पाहिला. घरी हेच रेकॉर्डरवर बोलायचं आणि अडलेले प्रश्न अँकीसारख्या अ‍ॅपमध्ये घालायचे, असं ठरलं. उत्तर येत गेलं की ते अ‍ॅप तोच प्रश्न जास्त जास्त दिवसांनी विचारतं.

कोर्सची मुदत त्यांनी वाढवून घेतली. धावपळीत हे जमलं नसतं. पुढच्या भेटीला आल्या तेव्हा कोर्समधल्या काही जणांना घेऊन त्यांनी स्वतःच एक ग्रुप काढला होता. सकाळी प्रश्न, संध्याकाळी उत्तर. परीक्षा अजून व्हायची आहे.