गोव्यातल्या बाजारात माणसं खरंच जोडली जातात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पर्वरीला राहायला येऊन वर्ष होत आलं, शनिवार-रविवारी भरणाऱ्या सेंद्रिय मालाच्या शेतकरी बाजाराला नेमाने जातो, भाजी चांगली मिळते, पण भेटतात ते आपल्यासारखेच बाहेरून आलेले. मग अशा बाजारांमुळे स्थानिक समाज बांधला जातो असं जे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

तथ्य आहे. फक्त तुम्ही जाता त्या बाजारात ते कमी आहे आणि जात नाही त्या बाजारात जास्त. मी मूळची डिचोली तालुक्यातली, लग्नानंतर म्हापशाला आले, त्यामुळे माझं उत्तर या दोन गावांकडे झुकलेलं असणार. सासष्टीतला कोणी उत्तर देईल तर मडगाव डोळ्यांसमोर ठेवून देईल, आणि तेही बरोबरच असेल.

गोव्यात आठवड्याचा बाजार ही जुनी व्यवस्था आहे. सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, बुधवारी डिचोली, गुरुवारी बाणस्तारी, शुक्रवारी म्हापसा, शनिवारी कळंगुट. विकणाऱ्यांतले बरेच जण यातले दोन-तीन वार फिरतात. म्हणजे बुधवारी डिचोलीत जी बाई सुरण घेऊन बसलेली असते, तीच शुक्रवारी म्हापशाला दिसते, आणि डिचोलीतल्या माझ्या माहेरची खबर मला पुष्कळदा फोनच्या आधी तिच्याकडून कळते. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या काजूंना यंदा मोहोर धरला नाही, कोणाच्या घरी गवा शिरून केळी मोडून गेला, सगळं.

म्हापशाचा शुक्रवार एवढा मोठा का, याला थोडा इतिहास आहे. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादी, म्हणजे जिंकून घेतलेले मुलूख, सोळाव्या शतकातले. डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या, त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेल्या. दोन-अडीचशे वर्षांच्या या अंतरामुळे एकाच चिमुकल्या मुलखाचे दोन स्वभाव झाले. किनाऱ्याकडे चर्च, पाव, चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि व्हिनेगर. आत डोंगराकडे देवराया, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, आणि रान जाळून केलेली कुमेरी शेती. म्हापसा नेमकं या दोहोंच्या मध्ये पडतं. किनाऱ्याला डोंगरातली सुपारी, केळी, मिरी, सोलं (सुकवलेली कोकमं) हवीत. डोंगराला मीठ आणि मासळी हवी. शुक्रवारच्या बाजारात पालिकेच्या इमारतीतल्या केळ्यांच्या रांगेत उभं राहून पाहा. सत्तरीतला केळीवाला आणि हणजुणेची ख्रिस्ती बाई एका घडावरून पाच मिनिटं वाद घालतात, आणि वाद मिटल्यावर ती त्याला मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारते. ही ओळख कोणी कार्यक्रम ठेवून घडवलेली नाही. दर शुक्रवारी केळी लागतात, म्हणून ती झालेली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसं बाजारात जोडली जातात ती एकमेकांवाचून अडतं म्हणून, आणि पुन्हा पुन्हा अडतं म्हणून.

पुरुमेंताचं उदाहरण घ्या. गोव्यात पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रस्ते आणि शीतपेट्या नव्हत्या तेव्हा पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच करावी लागे. ती बेगमी म्हणजे पुरुमेंत. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या, सोलं, चिंच, उकडे तांदूळ, अळसांदे (चवळी), माडाचं गूळ, कांद्यांच्या माळा, जाडं मीठ. मीठ नुसतं खायला नव्हे बरं का, पावसाच्या तोंडावर माडांच्या बुंध्याशीही घालतात. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, जोडून पुरुमेंताचा बाजार भरतो आणि त्याला पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात. चर्चचं फेस्त, पण मिरच्या घ्यायला हिंदू घरंही तितकीच. इकडे म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, आणि ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून तेल घेऊन आमची हिंदू माणसंही तिच्या पायाशी जातात. पुढे तीच माणसं फेरीत खाजं (जत्रेतला गोड खाऊ) घेतात, लोणच्याची बरणी घेतात. देव वेगळे असले तरी पावसाळा सगळ्यांचा एकच.

मिरच्यांचं म्हणाल तर काणकोणची खोला मिरची आणि पेडण्याची हरमल मिरची, दोघींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकनाने नाव राखलं जातं, पण खरी खोला मिरची कुठली आणि तिच्या नावाने विकली जाणारी बाहेरची कुठली हे ओळखीची बाईच सांगते. आणि ती सांगते, कारण पुढल्या वर्षी तुम्ही पुन्हा तिच्याचकडे येणार असता.

पण तुम्हाला खरोखर काय पाहायचं असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा माटोळीचा बाजार पाहा. गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, भाज्या, रानातल्या वनस्पती बांधतात, ती माटोळी. नारळाची पेंड नि सुपारीचं शिपटं (दोन्ही म्हणजे घोस), केळ्यांचा घड, तोरिंगण (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), चिबूड, तवसं (मोठी काकडी), आंबाडे हे शेताबागेतलं. बाकीची सगळी रानातली फळं-फांद्या: माट्टी, घागऱ्या, कांगणी, कवंडळ. कवंडळ दिसायला लालबुंद, तोंडात घालायच्या लायकीचं नाही, पण ते नसलं तर माटोळी उघडी वाटते. बांधायलाही सुतळी चालत नाही, केवणी या रानझुडपाच्या सालीचे दोर लागतात.

हे सगळं आणतं कोण? सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे भागातल्या बायका. त्या चार-पाच दिवस आधीपासून रानात फिरतात, रात्री टेम्पोने शहरात उतरतात आणि पहाटे फुटपाथवर पोती अंथरून बसतात. एरवी या बायकांकडे शहराचं लक्षसुद्धा नसतं. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसून विचारतात, मावशी, हे काय, हे कुठल्या बाजूला बांधायचं, हे खोटं तर नाही ना. आणि मावशी खोटं कसं ओळखायचं ते दाखवते. माझ्या सासूबाईंना पंचवीसेक नावं पाठ होती, मला त्याच्या निम्मी, आणि माझ्या मुलीला जी येतात ती शाळेत शिकलेली नाहीत, म्हापशाच्या फुटपाथवर शिकलेली आहेत. राज्याचं कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं, त्यात लोक शेकडो प्रकार बांधतात. मला त्याचं कौतुक आहे आणि थोडी धास्तीही, कारण बक्षिसापायी दुर्मीळ झाडाची फांदीच तोडून आणणारेही निघतात.

लग्नानंतरची पहिली चवथ असेल तर माहेरहून वजें, म्हणजे भेटीचं सामान, जातं, त्याला बांबूच्या पाट्या लागतात. त्या विणणारेही याच बाजारात येतात. मातीच्या पणत्या नि मडकी डिचोलीकडच्या कुंभारांची. एका सणासाठी किती हातांची गरज लागते याचा हिशोब घरी बसून येत नाही, बाजारात आपोआप येतो.

२०२०च्या मार्चअखेरीची गोष्ट सांगते. टाळेबंदी लागली, सीमा बंद झाल्या आणि बेळगावहून येणारी भाजी थांबली. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते हे सगळ्यांना माहीत होतं, पण गोवा आपल्या ताटासाठी घाटापलीकडे किती टेकून आहे ते त्या दिवसांत अंगावर आलं. किराणा दुकानंसुद्धा काही दिवस उघडली नव्हती. आमच्या वाड्यावर तेव्हा ज्यांची शुक्रवारच्या बाजारात कोणाशी ओळख होती, त्यांच्या घरी फणस, केळफूल, तांबडी भाजी कशी ना कशी पोचली. माझ्या नेहमीच्या बाईचा मुलगा पास काढून दूध पोचवायचा, त्याच गाडीवर तो आमच्या चार घरांचं सामान टाकून जाई. पैसे पुढे कधीतरी. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसत्या गाड्यावरून अनुदानाची भाजी घेतली होती त्यांना फोन करायला कोणाचा नंबरच नव्हता. फलोत्पादन महामंडळाच्या त्या गाड्यांना मी नावं ठेवत नाही, स्वस्त भाजीमुळे पुष्कळांची घरं चालतात. पण तिथे घेवड्याचा आणि तुमचा संबंध येतो, घेवडा लावणाऱ्याचा येत नाही.

आता तुमच्या शनिवार-रविवारच्या बाजाराबद्दल. त्याला मी फॅशन म्हणून झटकणार नाही. शहरातली नोकरी सोडून शेतीला लागलेली तरुण मुलं तिथे माल आणतात, त्यांना मधला दलाल टळून बरा भाव मिळतो, मयडेची केळी, आगशीची वांगी, सात शिरांचे भेंडे असे गावठी वाण टिकायला मदत होते. अडचण अशी की तिथे सगळ्यांनाच निवड असते. भाव परवडला नाही तर तुम्ही येत नाही, पाऊस लागला की बाजार बंद, हंगाम संपला की शेतकरी दुसरीकडे. शिवाय जागेचं भाडं, टेबल, फलक, पाकिटं, हे सगळं करून विकणं ज्याला जमतं तोच तिथे बसतो. डोक्यावर पाटी घेऊन बसमधून उतरणाऱ्या, चार वाटे तांबड्या भाजीचे आणि दोन पोपये आणणाऱ्या बाईला तिथे जागा नाही. तिला म्हापशात आहे. ती सोपो भरते, म्हणजे बसायच्या जागेचा कर, नि गोणपाट पसरून बसते. ही बसायची मुभा हाच या बाजाराचा पाया आहे असं मला वाटतं.

आणि तोच पाया हल्ली कुरतडला जातोय. पहाटे घाऊक भावात माल उचलून दिवसभर विकणारे फेरविक्रेते पुढच्या मोक्याच्या जागा धरतात. गाववाल्या बाया मागे, उन्हात, गटाराच्या कडेला. सोपो घेणारा पावती देतोच असं नाही. तरुण सुना बाजारात बसायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा, पहाटे तीनला उठून दुपारी एकपर्यंत धुळीत बसायचं, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. बाजार म्हणजे गोव्याची संस्कृती म्हणून पोस्टर छापणाऱ्यांनी आधी एक छप्पर आणि एक नळ दिला तर जास्त उपयोग होईल. पावसाळ्यात तायकिळो, फागलं या रानभाज्या नि अळमी (रानातली अळंबी) घेऊन येणारी बाई भिजत बसते आणि आपण तिच्या अळमींचे फोटो काढतो. मला तरी ते बरं दिसत नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं काही सांगू? पर्वरीहून म्हापसा बसने जवळ आहे. गाडी घरी ठेवा, शुक्रवारी पार्किंग मिळत नाही. आठच्या आधी जा, गाववाल्या बाया लवकर येतात आणि माल संपला की उठतात. पुढच्या मोठ्या ढिगाऱ्यांकडून घेऊ नका, मागे ज्यांच्यासमोर चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी थोड्या थोड्या मांडलेल्या आहेत त्यांच्याकडून घ्या, तो परसातला माल. भाजी वाट्यावर घ्यायची, वजनाचा आग्रह धरायचा नाही. भाव कमी करून मागाल तर एकदाच मागा. हल्ली क्यूआर कोड बऱ्याच जणींकडे असतो, पण मुलाच्या खात्याचा असतो, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. कोकणी येत नसली तरी मराठी बहुतेकांना कळते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दर आठवड्याला त्याच एकीकडे जा, तिच्याकडे हवं ते नसलं तरी. महिन्याभरात ती तुम्हाला काहीतरी बाजूला काढून ठेवायला लागेल. मग एखाद दिवशी तुम्ही मागितलेली वस्तू द्यायला ती नकार देईल, म्हणेल, "बाय, आयज हें बरें ना, फुडल्या शुक्रारा हाडटां." (आज हे चांगलं नाही, पुढच्या शुक्रवारी आणते.) विक्री बुडवून तिने असं सांगितलं की समजा, म्हापशात तुमची ओळख झाली. चवथीला अजून वेळ असेल तर तिला आत्ताच विचारून ठेवा, केवणीचे दोर आणि कवंडळं ती आणणार आहे का. आदल्या दिवशी गेलात तर दुप्पट भाव पडेल.